सुट्टीच्या दिवशी छान असणारा बाबा

"ताई नमस्कार. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेतीनचा. बायकोला लवकर निघावं लागतं म्हणून सकाळ माझ्याकडे असते आणि रोज एकच सीन. एकाचा मोजा सापडत नाही, दुसरी तोंडात ब्रश धरून खिडकीबाहेर बघत उभी, शाळेची बस सात दहाला आणि मी ओरडतोय. मग धाकट्याला पाळणाघरात सोडून धावतपळत नऊची मीटिंग. बायको पाचला येते, मी साडेसातला. दिवसभर अपराधी वाटत असतं म्हणून आल्यावर पोरांशी मस्ती, गोष्टी, धिंगाणा, साडेदहा वाजतात झोपायला. मग मी मोबाईल घेऊन बसतो ते एक वाजेपर्यंत. परवा लेक म्हणाली, 'बाबा, तू सुट्टीच्या दिवशी छान असतोस.' सहजच म्हणाली पण मला दिवसभर काही सुचलं नाही. कमी तासांची, कमी पगाराची नोकरी बघायला लागलोय. बायको म्हणते तू नोकरी सोडून काय होणार आहे, घरातलं सगळं डोक्यात तर माझ्याच असतं. मी तर ती सांगेल ते सगळं करतो! काय करू?"
– एक दमलेला बाबा

बाबा, नमस्कार.

नोकरीचं शेवटी बोलू, कारण तुम्ही ते सगळ्यात आधी ठरवून टाकलंय आणि मला वाटतं ते सगळ्यात शेवटी ठरवायचं आहे.

आधी लेकीचं वाक्य घेऊ. आठ वर्षांची मुलगी बापाच्या तोंडावर असं बोलते म्हणजे एक गोष्ट नक्की, ती तुम्हाला घाबरून नाहीये. घाबरलेली मुलं अशी निरीक्षणं मोठ्याने मांडत नाहीत, ती गप्प बसतात आणि आपला चेहरा बघून वागतात. आणि दुसरं म्हणजे सुट्टीच्या दिवशी तुम्ही छान असता हे तिला दिसतंय, म्हणजे तुम्ही खरंच छान असता, माणूस तोच, घर तेच, मुलं तीच, मग कामाच्या दिवशी काय बदलतं एवढंच शोधायचंय. माझ्या मते पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच आहे. तुम्ही ते ऐकून दिवसभर स्वतःला झोडपत बसलात, तिला मात्र काहीच विचारलं नाहीत. विचारा ना! "सुट्टीच्या दिवशी काय छान असतं गं?" आणि मग गप्प बसून ऐका, मध्ये सफाई देऊ नका.

तिचं उत्तर काय येईल मला माहीत नाही पण एक सांगते. एलन गॅलिन्स्की नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1999 साली एक अभ्यास छापला, त्यात तिसरी ते बारावीतल्या हजारावर मुलांना विचारलं होतं की आईबाबांच्या नोकरीचा तुमच्यावर जो परिणाम होतो त्यात एकच गोष्ट बदलता आली तर काय बदलाल. आईबाबांनाही विचारलं, तुमची मुलं काय मागतील. निम्म्याहून जास्त पालक म्हणाले, आमचा वेळ मागतील. मुलांनी ते मागितलंच नाही फारसं, आईबरोबर जास्त वेळ हवा म्हणणारी मुलं दहात एक निघाली. सगळ्यात जास्त मुलं काय म्हणाली, तर आईबाबा कमी दमलेले आणि कमी टेन्शनमध्ये असावेत. म्हणजे तुमची लेक काही जगावेगळं बोललेली नाही, आणि तुम्ही त्याच्यावर जो उपाय काढलाय ना, जास्त वेळ देण्याचा, तो तिने मागितलेला असेलच असं नाही.

आता तुमचंच पत्र परत एकदा वाचा, पण उलट्या क्रमाने. रात्री एकपर्यंत मोबाईल, का, तर पोरं साडेदहाला झोपतात आणि त्यानंतरच तुम्हाला स्वतःचा म्हणून वेळ मिळतो. पोरं साडेदहाला का झोपतात, तर आठ-साडेआठला दमून जांभया द्यायच्या वेळी घरात धिंगाणा सुरू असतो. धिंगाणा का, तर सकाळी ओरडलात त्याची भरपाई. आणि सकाळी का ओरडलात? कारण तुम्ही पाच तास झोपून उठलायत आणि पोरंही अर्धवट झोपेतून उठवलेली आहेत. गोल फिरून तिथेच आलो. तुम्ही भरपाई करायला जाताय आणि त्या भरपाईतूनच उद्या सकाळचं भांडण तयार होतंय, रोज नव्याने.

जरा हिशोब करू. बस सात दहाला म्हणजे लेकीला सहाला उठवत असणार. साडेदहा ते सहा, साडेसात तास, तेही पडल्या पडल्या झोप लागली तर. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 साली वयाप्रमाणे झोपेचे तास सांगितलेत, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 24 तासांत 9 ते 12 तास, 3 ते 5 वर्षांच्यांना दुपारची झोप धरून 10 ते 13. मोठ्या माणसांना निदान 7. म्हणजे कमीत कमी आकडा धरला तरी लेकीची रोजची दीड तासाची उधारी, आठवड्यात शाळेचे पाच दिवस धरले तर साडेसात तास, अख्खी एक रात्रच गायब की हो. ब्रश तोंडात धरून खिडकीबाहेर बघत उभी राहणारी मुलगी तुम्हाला आळशी, हट्टी, मुद्दाम करणारी वाटते ना सकाळी, ती उभ्या उभ्या झोपलेली असते बिचारी! लहान मुलं झोप कमी पडली की मोठ्यांसारखी सुस्त दिसतीलच असं नाही, बरीचशी चिडचिडी होतात नाहीतर उगाच उधळतात, म्हणून तर रात्री दहाला ती "फ्रेश" वाटतात आणि आपण म्हणतो अजून दमलीच नाहीत. तेव्हा ती जास्तच दमलेली असतात.

तर पहिलं काम रात्रीचं आहे, सकाळचं नाही. लेकीला नऊला झोप लागलेली असली पाहिजे. हो, मला कळतंय, तुम्ही साडेसातला येता, म्हणजे हातात दीड तास राहतो आणि त्यातच जेवण आहे, आंघोळ असेल तर ती आहे, उद्याचं दप्तर आहे, हे वाचून तुम्हाला वाटेल मी तुमच्याकडून मुलांचा वेळच काढून घेतेय. हो, घेतेय थोडा. पण मस्ती बंद करा असं नाही म्हणत, मस्ती पुढे घ्या. घरात पाऊल टाकल्या टाकल्या, शूज काढायच्या आधी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून पंधरा-वीस मिनिटं जो काय दंगा घालायचा तो घाला, उड्या मारा, उलटं लटकवा. मग जेवण, आणि जेवणानंतर घर हळूहळू थंड करत न्यायचं, मोठे दिवे बंद, टीव्ही आणि टॅब बंद (झोपायच्या तासभर आधी स्क्रीन नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते ऐका), मग ब्रश, गोष्ट, झोप, रोज याच क्रमाने. एकदम साडेदहाचे नऊ करायला जाऊ नका, पोरं छताकडे बघत पडून राहतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे घ्या. दोनेक आठवडे जातील. आणि सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ फार पुढे ढकलू नका, नाहीतर आठवड्याच्या पहिल्याच दिवशी पुन्हा रामायण.

एक गोष्ट पत्रात नाहीये पण मला तिचा अंदाज येतोय. तुम्ही मजा करता साडेदहापर्यंत, बरं, मग "आता पुरे, झोपा" असं रात्री कोण ओरडतं? पाचपासून एकटी पोरांबरोबर असलेली, सकाळी सगळ्यात आधी उठणारी तुमची बायको, हो ना? म्हणजे बाबा रात्रीचा मजेवाला आणि आई रात्रीची खडूस. तुम्हाला सकाळी वाईट व्हावं लागतं याचं तुम्हाला दुःख आहे आणि तिला रोज रात्री तुमच्यामुळे वाईट व्हावं लागतंय हे पत्रात कुठेच नाहीये. यावर जरा विचार करा, मी पुढे जाते.

सकाळ. झोप सुधारली तरी सकाळ एकदम आनंदाची होणार नाही, साडेतीन वर्षांचं मूल घरात आहे. त्याला "उशीर होतोय" हे वाक्य कळतच नाही, दहा मिनिटं म्हणजे किती हे त्याच्या डोक्यात अजून तयार व्हायचंय. आठ वर्षांच्या मुलीला घड्याळ वाचता येतं पण घड्याळ वाचता येणं वेगळं आणि वेळ ओळखून आपलं आपण आवरणं वेगळं, हे दुसरं काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते. त्यामुळे स्वयंपाकघरातून "ब्रश झाला का, मोजे घाल, दप्तर भर, वॉटर बॅग घे" अशा चार ऑर्डरी एकदम सोडल्या की पहिली ऐकू येते, बाकीच्या हवेत. त्यापेक्षा जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच गोष्ट सांगा, ती सुरू झाली की निघा. सांगायला साधं आहे पण करायला वेळ जातो असं वाटतं, खरं म्हणजे तीनदा ओरडण्यापेक्षा कमीच जातो.

मोजे सकाळी शोधायचेच नाहीत. रात्री दोघांचे कपडे, मोजे, बूट, दप्तर दाराजवळ एका जागी काढून ठेवायचं, आणि हे लेकीने करायचं, तुम्ही नाही, तिच्या बरोबर उभे राहा फक्त. आठ वर्षांच्या मुलांना हे जमतं आणि आवडतंही. धाकट्याच्या कपड्यांचं काय, तर दोन पर्याय समोर धरा, यातला कुठला, बास. सकाळी निर्णय जेवढे कमी तेवढी भांडणं कमी, हे मोठ्यांनाही लागू आहे.

आणि तुम्ही पोरांच्या आधी वीस मिनिटं उठा, पण ते रात्री एकला झोपून नाही. पोरं नऊला झोपली तर तुम्हाला नऊ ते साडेदहा मिळतात, तोच तुमचा वेळ, जागेपणी आणि शुद्धीत घालवलेला. एक वाजेपर्यंत स्क्रोल करणं हा आराम नसतो हो, दिवसभरात आपल्या मनासारखं काहीच झालं नाही त्याचा सूड असतो तो, आणि आपण तो उगवतो कोणावर, तर आपल्याच उद्याच्या सकाळवर.

इतकं सगळं करूनही तुम्ही ओरडाल. परत ओरडाल, लिहून ठेवा. ओरडल्यावर काय करायचं हे त्यामुळे जास्त महत्त्वाचं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकापासून आया आणि तान्ही बाळं यांचे व्हिडिओ काढून क्षणाक्षणाने तपासले, तर जे चांगले छान जमलेले आई-बाळ असतात त्यांचेही सूर जेमतेम 30 टक्के वेळच जुळलेले असतात, बाकी वेळ चुकामूक, आणि मग परत जुळवून घेणं. बाळ शिकतं ते या परत जुळवण्यातून. अभ्यास तान्ह्यांचा आहे, पण आठ वर्षांच्यांना ते लागू होणार नाही असं मला अजिबात वाटत नाही.

तर माफी मागा, पण नीट. "सॉरी, पण तूही वेळेवर उठत नाहीस ना" ही माफी नाही, ती दुसरी फेरी आहे ओरडण्याची. "सकाळी मी फार जोरात ओरडलो, तसं बोलायला नको होतं, उशीर होत होता म्हणून मी घाबरलो होतो, ती चूक तुझी नव्हती." एवढंच. "तू मला माफ केलंस ना? बाबा वाईट आहे का?" असं विचारू नका, बापाची समजूत घालायचं काम तिच्यावर टाकू नका. खेळणं आणू नका, टॅबची अर्धा तास जास्तीची परवानगी देऊ नका, मुलं हुशार असतात, बाबा ओरडला की संध्याकाळी काहीतरी मिळतं हे त्यांना चार दिवसांत कळतं. आणि दर वेळी मोठा भावनिक कार्यक्रम करायचीही गरज नाही, बसस्टॉपपर्यंत चालता चालता दोन वाक्यांत होतं.

हां, एक वेगळी गोष्ट. हात उठायची वेळ येतेय असं वाटलं तर मुलांना सुरक्षित जागी ठेवून दुसऱ्या खोलीत जा, थंड पाण्याने तोंड धुवा, बस चुकली तर चुकू द्या. बस चुकणं परवडतं.

आता बायको काय म्हणतेय ते. "मी ती सांगेल ते सगळं करतो." अहो, तिची तक्रार नेमकी हीच आहे आणि तुम्ही ती उत्तर म्हणून लिहिलीत! ॲलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी जोडप्यांच्या मुलाखती घेऊन 2019 साली एक पेपर लिहिला, त्यात त्यांनी घरकामाचा डोक्यातला भाग चार तुकड्यांत मांडला. काय लागणार आहे हे आधी ओळखणं, त्यासाठी काय काय पर्याय आहेत ते शोधणं, ठरवणं, आणि मग झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवायच्या वेळी बहुतेक ठिकाणी दोघंही असतात, पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं हे बहुतेक करून बाईच्या वाट्याला. तुमच्या घरात बघा, धाकट्याचे बूट लहान झालेत हे कोणाच्या लक्षात आलं, लेकीच्या शाळेत उद्या रंग न्यायचेत हा मेसेज कोणी वाचला, लसीची तारीख कोणाला माहीत आहे. तुम्ही बूट आणून दिलेत, शंभर टक्के खरं, पण ते शेवटचं दहा मिनिटांचं काम होतं, त्याआधीचं डोकं तिचं चाललं होतं.

म्हणून मदत करू नका, खातं घ्या. एक पूर्ण खातं. माझं मत विचाराल तर शाळा घ्या, कारण सकाळ तशीही तुमच्याकडेच आहे. शाळेचा ग्रुप तुमच्या फोनवर, डायरी तुम्ही बघायची, रंग, फी, पालकसभा, वाढदिवसाला न्यायचं गिफ्ट, सगळं तुम्ही आधी ओळखायचं आणि तुम्हीच शेवटपर्यंत न्यायचं, तिने आठवण करायची नाही. यात काय होईल तर पहिल्या महिन्यात एकदा तरी तुम्ही काहीतरी विसराल आणि लेक रंगाशिवाय शाळेत जाईल. तेव्हा बायकोने "मला माहीतच होतं" असं म्हणायचं नाही, आणि तुम्ही "तू सांगितलं नाहीस" असं म्हणायचं नाही. हे दोन्ही आधीच बोलून ठेवा. तिला हे जड जाईल, जे काम वर्षानुवर्षं डोक्यात आहे ते सोडणं सोपं नसतं, आणि कदाचित ती दोन-तीनदा मध्ये पडेल, तर चिडू नका, "माझ्या लक्षात आहे" एवढंच म्हणा, आणि मग खरंच लक्षात ठेवा.

आणि दोघं एकमेकांशी पोरांच्या टाइमटेबलशिवाय शेवटचं कधी बोललात? उत्तर मला नका पाठवू.

पत्राच्या मध्येच तुम्ही एक गोष्ट लाजत लिहिलीये (वर छापताना मी ती गाळली), घरून काम होतं त्या दिवशी मीटिंग चालू असताना धाकटा आला आणि कॅमेऱ्यात तोंड घालून सगळ्यांना म्हणाला, "बाबा आत्ता ओरडत होता." सॉरी, मी खूप हसले. तुमचा बॉसही हसला आणि म्हणाला आमच्याकडेही रोज हेच, असं तुम्हीच लिहिलंय, पण ते वाक्य तुम्ही असं लिहिलंय की जणू त्याला काही अर्थच नाही. अर्थ आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या सगळ्यात वरच्या डॉक्टरांनी, 2024 मध्ये पालकांच्या ताणावर अख्खी एक सूचना काढली, त्यात 48 टक्के पालक म्हणत होते की बहुतेक दिवशी ताण अगदी सहन होण्यापलीकडे जातो, मुलं नसलेल्या मोठ्यांमध्ये असं म्हणणारे 26 टक्के होते. म्हणजे मीटिंगमध्ये जे हसले त्यातल्या निम्म्यांच्या घरी सकाळी तेच चाललेलं असणार.

फक्त हे एक बघून ठेवा. दमणं वेगळं आणि आतून संपून जाणं वेगळं. सुट्टीच्या दिवशीही मुलांबरोबर काहीच मजा वाटेनाशी झाली, त्यांचं सगळं करताय पण यंत्रासारखं, त्यांच्यापासून लांब गेल्यासारखं वाटतंय, झोप मिळूनही थकवा हटत नाहीये, निघून जावं असं सारखं मनात येतंय, तर मग हे रात्रीचं टाइमटेबल वगैरे नंतर, आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा आणि हे असंच्या असं सांगा. पत्रावरून मला आत्ता तसं वाटत नाहीये. तुम्ही दमलायत, आणि मुख्य म्हणजे झोपलेले नाही आहात.

आता नोकरी. कमी तासांची नोकरी वाईट असं मी म्हणत नाहीये, काही घरांना तीच लागते. पण पाच तास झोपलेल्या माणसाने राजीनाम्याचा निर्णय घेऊ नये, आणि पगार कमी झाला की पैशाचं टेन्शन घरात येतं, मग परत दमलेला आणि काळजीतला बाबा, फक्त तो आता दुपारीही घरी. त्यात बायकोशी बसून आकडे मांडलेत असंही पत्रात कुठे दिसलं नाही. आधी महिनाभर रात्र सुधारून बघा, शाळेचं खातं सांभाळून बघा. आणि या आठवड्यात बॉसला एकच विचारा, नऊची मीटिंग साडेनऊला करता येईल का, निदान आठवड्यातून तीन दिवस तरी. सकाळी अर्धा तास मोकळा झाला तर काय फरक पडतो ते दिसू दे, नोकरीच्या जाहिराती काय, महिन्याभरानेही येतच राहतील.

– ताई